उदाहरणातली मुलगी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या गठ्ठ्यात अण्णांच्या जोडशब्दकोशाची शेवटची मुद्रितं आहेत. छापखानेवाला नुसता मानगुटीवर बसायचा बाकी राहिलाय. त्याला पुढच्या महिन्यात शाळांची पुस्तकं हाती घ्यायची आहेत, म्हणून मुद्रितं लवकर परत करा असा त्याचा रोजचा लकडा आहे. मी एकदा नजर फिरवली, पण माझी नजर कशी आहे ते तू जाणतेस. तुझ्या डोळ्यांतून सुटणारा काना मात्र अजून जन्माला यायचाय. तेव्हा लाल पेन्सिल काढ आणि बस.

प्रस्तावना मीच लिहिली. इंग्रजीतले सख्खे शेजारी वाटणारे दोन-दोन शब्द घेऊन त्यांच्यातला फरक घरगुती मराठीत उलगडणारा असा कोश आपल्याकडे नव्हता, असं त्यात म्हटलंय. शिवाय लेखकाने प्रत्येक जोडीला स्वतःच्या घरातलंच उदाहरण दिल्यामुळे कोश वाचता वाचता एका कुटुंबाची ओळख होते, हेही लिहिलंय. शेवटच्या परिच्छेदात तू आहेस. ‘या कामी त्यांच्या ज्येष्ठ कन्येचे अमूल्य साहाय्य झाले.’ अमूल्य की बहुमोल, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी अमूल्य ठेवलं.

प्रकाशन आमच्या कॉलेजच्या सभागृहात करायचं ठरतंय. तू येच, आणि आलीस की परत जाऊ नकोस. हिने वरची खोली रिकामी करून घेतली आहे, खिडकीपाशी टेबलही लावलंय. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं; त्या दोन खोल्यांत एकटी कुणासाठी थांबली आहेस? येताना कार्डांची खोकी तेवढी घेऊन ये. निम्म्या जोड्या अजून त्यांत पडून आहेत. दुसरा भाग आपण दोघं मिळून करू. अण्णांच्या वेळी चालायचं तसंच चालेल, मी सांगेन, तू लिही.

डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. आमचे सगळ्यांचे नमस्कार. आहे तेवढा लोभ तरी राहू दे, ही विनंती.

तुझा,
भाऊ

१३ फेब्रुवारी

चि. प्रोफेसरमहाशयांस,
अनेक आशीर्वाद.

मुद्रितं वाचून झाली. डोळ्याचा डॉक्टर वाचू नका म्हणतो, तू वाच म्हणतोस. डॉक्टर परका आणि तू सख्खा, म्हणून तुझं ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने नवं मशीन घेतलंय. त्याची टकटक दिवसभर चालते, पण सोबत होते. पाण्याचा पंप पुन्हा बिघडला होता. मालक दुरुस्त करतो म्हणाला आणि नंतर त्याचं तोंड दिसलं नाही. शेवटी मीच माणूस बोलावला.

आता तुझ्या नजरेविषयी. बाबा रे, ती फिरवलीस म्हणजे नक्की कुठे फिरवलीस? ‘जेलस’खाली ‘एन्व्हियस’चं उदाहरण गेलंय आणि ‘एन्व्हियस’खाली ‘जेलस’चं. त्यामुळे आपल्या आईला शेजारणीच्या शिवणयंत्राचा संशय येतो आणि अण्णा शेजारणीशी गप्पा मारतात याचा तिला हेवा वाटतो. आई असती तर तुला लाटण्याने बडवला असता. ‘लेझी’ आणि ‘आयडल’मधलं तुझं उदाहरण मात्र अक्षरन्अक्षर शुद्ध आहे. तिथे एकही चूक नाही याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

प्रस्तावनेबद्दल. अमूल्य म्हणजे ज्याचं मोल झालं नाही ते. राहू दे, बरोबर आहे.

एक काम आहे. ‘डिक्लाइन’ आणि ‘रिफ्यूज’ या जोडीचं उदाहरण काढून टाक. तुला शोधत बसायला नको म्हणून नोंद इथे उतरवते. ‘डिक्लाइन : समोरच्याचा मान राखून, हात जोडून नाही म्हणणे. रिफ्यूज : दार लावून नाही म्हणणे. पहिल्यात आभार असतात, दुसऱ्यात नसतात. उदाहरण : माझ्या मुलीने परगावची नोकरी डिक्लाइन केली. तिला जाण्याची परवानगी कोणीही रिफ्यूज केली नव्हती.’ व्याख्या राहू दे, ती चांगली आहे. उदाहरण खोटं आहे. मी त्यावर लाल रेघ मारली आहे, ती छापखान्यापर्यंत पोचेल असं बघ.

येण्याचं मग बघू. तुझ्या बायकोला सांग की टेबल खिडकीपाशी ठेवू नये, ऊन डोळ्यांवर येतं. लोभ आहेच, तो पुन्हा काय लिहायचा.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्रितं मिळाली. आईला शिवणयंत्राच्या संशयातून सोडवलं. हिला ते वाचून दाखवलं तेव्हा ती पोट धरून हसली.

लाल रेघही पाहिली. ताई, खरं सांगतो, ती पाहून मी चक्रावलो. मूळ कार्ड माझ्याकडच्या खोक्यात होतं, ते काढून बघितलं. अक्षर तुझं आहे. उदाहरणही तुझ्याच अक्षरात आहे. मग खोटं कुठून आलं? अण्णांनी काही तुझ्या पाठीमागे लिहिलेलं नाही.

शिवाय या कोशाची रीतच अशी आहे की उदाहरण घरातलं. आई त्यात हट्टी आहे, मी आळशी आहे, आत्या तर तीन जोड्यांत कजाग आहे. मी माझा आळस काढून टाका म्हणालो का? उलट वर्गात मुलांना तोच वाचून दाखवणार आहे. वाचणाऱ्याला कुठली मुलगी आणि कुठली नोकरी, याच्याशी काय घेणं? त्याला शब्दांतला फरक कळला की झालं. आणि फरक त्या वाक्याने उत्तम कळतो. डिक्लाइनमध्ये माणसाच्या हातात निवड असते. त्याला काहीतरी देऊ केलेलं असतं, तो ते सौजन्याने परत करतो. तू तेच केलंस. अण्णांनी तुला अडवल्याचं मला तरी आठवत नाही. मी तेव्हा होस्टेलवर होतो हे कबूल, पण त्यांनी मला लिहिलं होतं की निर्णय तिच्यावर सोपवला आहे.

अडचण अशीही आहे की पान जुळवून झालंय. दोन ओळी काढल्या तर पुढची चार पानं सरकतात, आणि छापखानेवाला आधीच दात-ओठ खातोय. तरी तुझं मन राखायचं म्हणून मी आत्याला पत्र टाकून विचारलं आहे. ती त्या दिवसांत घरी होती. ती काय म्हणते ते बघू आणि विषय संपवू.

रागावू नकोस. या वयात एका वाक्यावरून बहीण-भावांनी वाद घालायचा म्हणजे लोक हसतील. लोभात उणं येऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
भाऊ

२६ फेब्रुवारी

चि. भाऊ यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझं अक्षर आता कोंबडीच्या पायांसारखं झालंय, जमेल तसं वाच. मी तीन ठिकाणी कजाग आहे हे तू मला आत्ता सांगतोस होय? दादा जाईपर्यंत मला कोणी बोललं नाही. बरं. छापा.

तू विचारलंस म्हणून सांगते. दादा पोरीला नाही म्हणाला नाही. मी तिथेच होते, तुझी आई गेल्यावर घर सांभाळायला म्हणून राहिले होते. त्याने तोंडातून नाही हा शब्द काढला नाही. तिने ट्रंक काढली, पुसली, उन्हात ठेवली, तेव्हाही काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याला घरातलं काही सापडेना. चष्म्याचं घर सापडेना, बटण सापडेना, विजेचा दिवा कुठल्या खटक्याने लागतो ते कळेना. बावीस वर्षं त्याच घरात राहणारा माणूस! ताट वाढलं की समोर बसून राहायचा, तिने जेवा म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. मी म्हटलं तर ऐकू यायचं नाही. तिने म्हटलं की यायचं.

एक दिवस ट्रंक परत माळ्यावर गेली. कोणी चढवली ते मी पाहिलं नाही. मी काही विचारलं नाही, आणि मला वाईटही वाटलं नाही. मला माझ्या घरी परत जायचं होतं. ती गेली असती तर दादाची उस्तवार माझ्या गळ्यात आली असती, आणि माझं स्वतःचं घर तिकडे उघडं पडलं होतं. उगाच कशाला खोटं बोलू.

त्या दोन इंग्रजी शब्दांतलं मला काही कळत नाही, आणि तुम्ही दोघं त्यावरून काय भांडता तेही कळत नाही. पण पोरीचं म्हणणं एकदा नीट ऐकून घे. ती बोलत नाही म्हणजे तिला म्हणायचं नाही असं नसतं. दादाचा हा घोटाळा नेहमीच व्हायचा.

गुडघे दुखतात, बाकी ठीक. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
आत्या

५ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी प्रोफेसर म्हणत नाही, कारण हे पत्र प्रोफेसरला नाही.

आत्याचं पत्र तू मला धाडलंस, ‘नाही म्हणाला नाही’ या ओळीखाली निळी रेघ मारून. बाकीचं पत्र वाचलंस की रेघ मारून झाल्यावर घडी घातलीस? मला राग आलाय. तो आलाय हे सांगून टाकते, नाहीतर तुला शेवटपर्यंत पत्र वाचून ‘ताई जरा चिडलेली दिसते’ असं म्हणायची सवय आहे.

तू म्हणतोस कार्डावरचं अक्षर माझं. अरे, सगळ्याच कार्डांवरचं अक्षर माझं आहे. अण्णांना कार्डावरची रेघ दिसत नव्हती. ते सांगायचे आणि मी लिहायची. ते ‘माझी मुलगी’ म्हणाले की मी माझ्या हाताने ‘माझी मुलगी’ असं लिहायची. कचेरीतल्या टायपिस्टबाईला कामावरून काढतात तेव्हा ते पत्रही तिच्याकडूनच टाइप करून घेतात. उद्या तू म्हणशील तिने राजीनामा दिला.

त्या नोकरीचं तुला फारसं माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. परगावच्या कोशमंडळात सहायकाची जागा होती. मी अण्णांना न सांगता अर्ज केला. नमुना म्हणून काही शब्द सोडवून पाठवायचे होते, ते पाठवले. निवडपत्र आलं तेव्हा आईला जाऊन थोडेच महिने झाले होते. अण्णांनी ते वाचलं, होतं तसं घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले की तू सज्ञान आहेस, तुझं तू ठरव. संपलं. त्यानंतर काय झालं ते आत्याने लिहिलंच आहे. ते ओरडले असते तर मी भांडले असते, मला भांडता येत होतं. विजेचा खटका न सापडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. टेबलापाशी खुर्ची ओढून ठेवली होती, कागद ठेवला होता. म्हणाले की बस, त्यांना उत्तर धाडायला हवं, लोकांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. कसलं उत्तर ते मी विचारलं नाही. ते इंग्रजीत सांगू लागले, मी लिहू लागले. पत्र मिळालं, आपण मला योग्य समजलात याबद्दल आभारी आहे, परंतु घरच्या परिस्थितीमुळे ही जागा मी... आणि इथे मी ‘रिफ्यूज’ लिहिलं. चुकून लिहिलं की मुद्दाम, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. अण्णांनी कागद डोळ्यांना लावला आणि जीभ चावली. म्हणाले की रिफ्यूज कसं चालेल, इथे डिक्लाइनच हवं.

आणि इथेच आम्ही दोघं घसरलो. दुसऱ्या कुठल्याही घरात या ठिकाणी रडारड झाली असती. आपल्या घरात चर्चा झाली. मी विचारलं की फरक काय. ते म्हणाले की एक सभ्य आणि एक उर्मट. मी म्हटलं की एवढ्यावर भागणार नाही, रिफ्यूजही गोड आवाजात करता येतं. मग आम्ही वाक्यं लावून पाहिली. आमंत्रण डिक्लाइन करतात, हुकूम रिफ्यूज करतात. चहा डिक्लाइन करता येतो, औषध रिफ्यूज करावं लागतं. मी म्हटलं की घोडा कुंपणावरून उडी मारायला रिफ्यूज करतो, तो डिक्लाइन करत नाही, कारण घोडा आभार मानत नाही. यावर अण्णा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या हसण्याने मी चेकाळले. म्हटलं, एक जण हात जोडून नाही म्हणतो आणि दुसरा दार लावून. त्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले की हे आधी कार्डावर लिहून ठेव, विसरशील.

मी कार्ड लिहिलं. मग कोरा कागद घेऊन पत्र पुन्हा उतरवलं, डिक्लाइन घालून, आणि खाली सही केली. मी खुशीत होते रे. शब्द बरोबर सापडला म्हणून खुशीत होते. तशीच चप्पल घालून गेले आणि पत्र पेटीत टाकून आले. परत येताना सायकलवाल्याच्या दुकानापाशी माझ्या लक्षात आलं की मी काय टाकून आले. मी मागे फिरले, पेटीपाशी जाऊन उभी राहिले. पेटीच्या फटीत हात जात नाही.

म्हणजे ज्या घरगुती मराठीचं तू प्रस्तावनेत कौतुक केलं आहेस, तिच्यातली ही व्याख्या माझी आहे. ती मला किती महागात पडली ते आता तुला कळलं असेल. तरी मी व्याख्या काढ म्हटलं नाही. अण्णांनी हे सगळं ठरवून केलं असंही मी म्हणत नाही. तेही माझ्याइतकेच रंगले होते.

पण उदाहरणाची गोष्ट वेगळी. त्या कार्डावर उदाहरणाची जागा कोरी होती. इतर सगळी कार्डं भरली, तेवढी जागा त्यांनी कोरीच ठेवली. ती भरली गेल्या वर्षी, अंथरुणाला खिळल्यावर. म्हणाले की ती जोडी काढ. कुठली, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी बरोबर तेच कार्ड काढलं. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, मी लिहिलं. दुसरं सांगताना ते भिंतीकडे बघत होते. इतकी वर्षं ते वाक्य त्यांच्या पोटात होतं आणि ते त्यांनी मला बोलून दाखवलं नाही, माझ्याकडून लिहून घेतलं. मी हातातलं पेन खाली ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. मरायला टेकलेल्या माणसापुढे कोण पेन खाली ठेवतं?

आणखी एक, तू शिकवतोस म्हणून सांगते. डिक्लाइन माणूस फक्त स्वतःपुरतं करतो. रिफ्यूज दुसऱ्याला करता येतं. त्याला काही द्यायचंच नाही असं ठरवता येतं. आणि त्यासाठी बोलावं लागतंच असं नाही. अण्णांनी ही बाजू नोंदीत घेतली नाही. मीही त्यांना आठवण केली नाही.

आणि तू म्हणतोस की निवड हातात होती. तुझ्या हातात होती. माझं निवडपत्र यायच्या आधी अण्णांनी तुला लिहिलं होतं की होस्टेल सोड, घरी ये, इथल्या कॉलेजात नाव घाल. त्यावर तुझं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, ‘जमणार नाही’. आभार नाहीत, कारण नाही, नमस्कारसुद्धा नाही. अण्णांनी ते कार्ड येईल त्याला कौतुकाने दाखवलं. पोराला स्वतःचं मत आहे म्हणाले. तुला कोणी खुर्ची ओढून दिली नाही आणि शब्द सौम्य कर म्हणून सांगितलं नाही. मी त्याबद्दल तुला दोष देत नाही. मला तुझा हेवा वाटतो, आणि शब्द हेवाच आहे, मी तपासून लिहिला आहे.

तेव्हा ते उदाहरण काढ. पानं सरकतात म्हणून अडत असेल तर त्या जागी हे घाल : ‘माझ्या मुलाने घरी परत येण्यास रिफ्यूज केले. माझ्या मुलीला ते कधीच करता आले नाही.’ हे घरातलं आहे, खरं आहे, आणि दोनच ओळींत बसतं.

माझी कोशातली एवढीच मागणी आहे. साहाय्याचा परिच्छेद काढलास तरी चालेल. लोभ ठेव, पण त्याआधी हे कर.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू हे सगळं मनात ठेवून होतीस याची कल्पना नव्हती. माझ्या त्या पोस्टकार्डाचं मला खरंच आठवत नाही. लिहिलं असेल. त्या वयात माणूस असं काहीबाही लिहितो. पण ते अण्णांच्या कोशात छापणं मला योग्य वाटत नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय प्रकाशनाला माझे विद्यार्थी असणार, सहकारी असणार.

तरी तुझं म्हणणं मी डावललेलं नाही. बराच विचार केला आणि मधला मार्ग काढला. ‘माझ्या मुलीने’ याऐवजी आता ‘एका मुलीने’ असं केलं आहे. ‘एका मुलीने परगावची नोकरी डिक्लाइन केली. तिला जाण्याची परवानगी कोणीही रिफ्यूज केली नव्हती.’ म्हणजे आता त्यात तुझा संबंधच उरला नाही. कोणीही मुलगी असू शकते. ओळी तेवढ्याच राहिल्या, छापखानेवालाही गप्प झाला. पान चढलं, छापूनही झालं. तेव्हा आता ही गोष्ट मनातून काढून टाक.

कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरला आहे. तुला व्यासपीठावर बसवायचं आहे. अण्णांच्या आठवणी दोन-चार मिनिटं सांगितल्यास तर सगळ्यांना आवडेल. काय बोलायचं ते सुचत नसेल तर मी लिहून पाठवतो. खोकी घेऊन ये म्हणजे दुसऱ्या भागाची घोषणा तिथेच करता येईल. टेबल खिडकीपासून हलवलंय.

ताई, आपण दोघंच उरलो आहोत. झालं गेलं विसर. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, हात जोडून विनंती.

तुझा,
भाऊ

२२ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. शिंप्याची बायको दोन रात्री सोबतीला होती. आता लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं अजून पुसट आहे, म्हणून अक्षर मोठं आलंय.

कार्यक्रमाला मी येणार नाही. वरच्या खोलीत राहायला येणार नाही. खोकी पाठवणार नाही.

हे पत्र मी आधी निराळं लिहिलं होतं. त्यात सुरुवातीला आभार होते, मग डोळ्याचं कारण होतं, मग प्रवास झेपत नाही असं होतं, आणि शेवटी कार्यक्रमाला शुभेच्छा होत्या. पुन्हा वाचून बघितलं तर अगदी अण्णांनी सांगून लिहवल्यासारखं वाटलं. एकही शब्द खटकत नव्हता. ते फाडलं.

‘एका मुलीने’ असं केलंस ते कळलं. भाऊ, मी वाक्य खोटं आहे म्हणाले होते. तू ते खोटं तसंच ठेवलंस आणि त्यातून मला तेवढं काढलंस. अण्णांच्या वाक्यात मी निदान त्यांची मुलगी होते. आता ती कोण आहे? कोणीही असू शकते असं तू लिहितोस आणि मला यात समाधान वाटावं अशी तुझी अपेक्षा आहे. मला फार वाईट वाटलं. अण्णांच्या वाक्याने वाटलं नव्हतं इतकं वाटलं. ते भिंतीकडे बघत होते तरी ते कुणाबद्दल बोलत आहेत ते त्यांना माहीत होतं.

माझं भाषण तू लिहून पाठवणार होतास, त्याची आता गरज नाही. तो वेळ दुसऱ्या कशाला दे.

दुसऱ्या भागाची कार्डं मी टेबलावर काढली आहेत. अण्णांनी सांगितलेली उदाहरणं बाजूला ठेवली आणि माझी घालायला घेतली. सांगणारं कोणी नसल्यामुळे फार वेळ लागतो. एखादं वाक्य सुचलं तरी मी पेन उचलून थांबते आणि मग लक्षात येतं की कुणाची वाट बघायची नाही. काल दिवसभरात एकच कार्ड झालं. ते या जोडीचं आहे. डिक्लाइनपुढे काही सुचलं नाही, ती जागा कोरी ठेवली. रिफ्यूजपुढे लिहिलं तेच या पत्रात वर उतरवलं आहे, ‘कार्यक्रमाला मी येणार नाही’.

तू का म्हणून विचारशील. व्याख्या तुझ्या पुस्तकात छापली आहेस, ती वाच. दार लावून नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही.

चिमण्यांना बंद खिडकीवर चोच मारायची सवय असते तसं तू आता पत्रांवर पत्रं पाठवशील. पाठव. मी वाचीन, चुका लाल करीन, उत्तरही देईन.

या वेळी लोभासाठी विनंती केली नाहीस तरी चालेल. तो आहे. काही केल्या तो कमी होत नाही, हीच तर माझी सगळी अडचण झाली.

तुझी,
ताई